मीठ कसे बनते? धातू, अधातू आणि त्यांच्यातील रासायनिक बंध

सोडियम हा चाकूने कापता येईल इतका मऊ, चांदीसारखा चकाकणारा धातू आहे. पाण्यात टाकला तर तो तडतडत पृष्ठभागावर धावतो आणि बऱ्याचदा पेट घेतो, म्हणून तो केरोसीनमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरिन हा पिवळसर हिरवा, घुसमटवणारा विषारी वायू आहे. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे तो सैनिकांवर शस्त्र म्हणून सोडण्यात आला होता. या दोन घातक पदार्थांपासून बनणारे सोडियम क्लोराईड म्हणजे आपले रोजचे मीठ. ते शरीराला आवश्यक असते आणि त्याच्याशिवाय जेवण बेचव लागते.

असे का होते, याचे उत्तर रासायनिक बंधात आहे. मीठ हे धातू आणि अधातू यांच्यातील बंधाचे सर्वांत परिचित उदाहरण. ते नीट समजले की लोखंड का गंजते, पितळेच्या भांड्यात ताक का कळकते, ॲल्युमिनियम तयार करायला इतकी वीज का लागते आणि खाऊच्या पाकिटावरील ‘सोडियम’ या शब्दाचा अर्थ काय, हेही उलगडते.

धातू आणि अधातू यांत फरक कोणता?

लोखंड, तांबे, सोडियम, मॅग्नेशियम हे धातू. ऑक्सिजन, क्लोरिन, गंधक, नायट्रोजन हे अधातू. चकाकी, वीज वाहण्याची क्षमता, ठोकून पत्रा करता येणे ही धातूंची ओळख आपण शाळेत शिकतो. रासायनिकदृष्ट्या मात्र महत्त्वाचा फरक अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात असतो.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची मांडणी २, ८, १ अशी असते. बाहेरच्या कवचातला एकटा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर असतो आणि आतल्या १० इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रकाची ओढ त्याला कमी जाणवते. क्लोरिनच्या अणूत १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे असतात. त्याच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉनांना जागा आहे, म्हणजे एक जागा रिकामी आहे. तिथे आलेल्या इलेक्ट्रॉनाला क्लोरिनचे केंद्रक चांगले धरून ठेवू शकते.

साधारणपणे धातूंच्या बाहेरच्या कवचात एक, दोन किंवा तीन सैल इलेक्ट्रॉन असतात, तर अधातूंचे बाहेरचे कवच भरत आलेले असते. हेलियम, निऑन, अरगॉन या निष्क्रिय वायूंचे बाहेरचे कवच पूर्ण भरलेले असल्यामुळे ते सहसा कोणाशीच संयोग करत नाहीत.

इलेक्ट्रॉनाची बदली

तापवलेला सोडियम क्लोरिनने भरलेल्या भांड्यात सोडला की तो झगझगीत पिवळ्या ज्योतीने जळतो आणि भांड्याच्या आतल्या बाजूस पांढरी पूड जमते. ती पूड म्हणजे मीठ.

या अभिक्रियेत सोडियमच्या प्रत्येक अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन क्लोरिनच्या अणूकडे जातो. सोडियमकडे ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन उरतात, म्हणजे एक धन प्रभार. क्लोरिनकडे १७ प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉन होतात, म्हणजे एक ऋण प्रभार. प्रभार असलेल्या अशा अणूला आयन म्हणतात. धन प्रभाराचा तो धनायन आणि ऋण प्रभाराचा तो ऋणायन. दोघांच्या बाहेरच्या कवचात आता आठ-आठ इलेक्ट्रॉन आहेत. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात आणि या ओढीलाच आयनिक बंध म्हणतात.

ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर कॉसेल यांनी १९१६ मध्ये मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत गिल्बर्ट ल्यूइस यांनी इलेक्ट्रॉनांच्या जोडीची भागीदारी करून होणाऱ्या बंधाची, म्हणजे आजच्या सहसंयुज बंधाची, कल्पना मांडली.

‘द्यायचे आहे’ आणि ‘घ्यायचे आहे’ एवढ्याने भागत नाही

सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरिनला घ्यायचा असतो, म्हणून दोघांचे जमते, असे सोपे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. लक्षात ठेवायला ते बरे आहे, पण हिशोब मांडला की त्यातली त्रुटी दिसते. सोडियम आपला इलेक्ट्रॉन फुकट सोडत नाही. तो ओढून काढायला ऊर्जा खर्चावी लागते.

२३ ग्रॅम सोडियम आणि ३५.५ ग्रॅम क्लोरिन यांपासून ५८.५ ग्रॅम मीठ तयार होते, असे धरून हा जमाखर्च पाहू. आकडे किलोज्यूलमध्ये आहेत.

- घन सोडियमचे सुटे अणू करणे: खर्च १०७
- क्लोरिनच्या रेणूतील जोड्या तोडून सुटे अणू करणे: खर्च १२१
- सोडियमच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढणे: खर्च ४९६
- क्लोरिनच्या अणूंनी ते इलेक्ट्रॉन स्वीकारणे: जमा ३४९

एकूण खर्च ७२४ आणि जमा ३४९. म्हणजे इथपर्यंत ३७५ किलोज्यूलचा तोटाच आहे. गोष्ट एवढ्यावर संपली असती, तर मीठ तयारच झाले नसते.

तोटा भरून निघतो तो पुढच्या पायरीत. सुटे धनायन आणि ऋणायन एकत्र येऊन घन स्फटिक रचतात, तेव्हा त्यांच्यातील ओढीमुळे सुमारे ७८६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. हिला जालक ऊर्जा म्हणतात. ७८६ मधून ३७५ वजा केले की ४११ उरतात. अभिक्रियेच्या वेळी उष्णता आणि प्रकाश यांच्या रूपाने हीच ऊर्जा बाहेर पडते. जमाखर्चाची ही पद्धत माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी १९१९ मध्ये दिली. ईप्र येथे क्लोरिनचा वापर ज्यांच्या देखरेखीखाली झाला, तेच हे हाबर.

याचा अर्थ असा की मीठ तयार होण्याचे खरे कारण इलेक्ट्रॉनाच्या बदलीत नाही. बदलीनंतर आयनांनी रचलेल्या घट्ट मांडणीत आहे. सोडियम आणि क्लोरिन दोघेही तापट होते, कारण त्यांच्याजवळ सोडून देण्याजोगी ऊर्जा होती. मिठात ती ऊर्जा आधीच निघून गेलेली असते, म्हणूनच मीठ शांत आहे.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. सोडियम एकच इलेक्ट्रॉन का देतो, दोन का नाही? पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात, तर दुसरा काढायला सुमारे ४,५६२. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातला असतो आणि केंद्रकाने तो घट्ट धरलेला असतो. एवढा खर्च कोणत्याही स्फटिकाला भरून काढता येत नाही.

मिठाच्या दाण्याच्या आत

मिठाचा दाणा भिंगाखाली पाहिला तर तो बहुधा चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. आतली मांडणीही तशीच आहे. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराईड आयन असतात: वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, पुढे आणि मागे. प्रत्येक क्लोराईड आयनाभोवतीही असेच सहा सोडियम आयन. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे पुत्र विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना दाखवली.

यातून निघालेला निष्कर्ष त्या काळी अनेकांना पचला नाही. घन मिठात एक सोडियम आणि एक क्लोरिन यांचा वेगळा असा रेणूच नसतो. कोणता सोडियम कोणत्या क्लोराईडचा, हे सांगता येत नाही. ‘सोडियम क्लोराईड’ हे सूत्र फक्त एकास एक हे प्रमाण सांगते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी तर १९२७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीची खिल्ली उडवली होती. काळाने ब्रॅग पितापुत्रांना बरोबर ठरवले. ०.३ मिलिमीटर बाजूच्या एका बारीक दाण्यात सोडियम आणि क्लोराईड यांच्या सुमारे ६० कोटी अब्ज जोड्या अशा ओळीने बसलेल्या असतात.

मिठाचे बहुतेक गुणधर्म या रचनेतून येतात.

- ते सहज वितळत नाही. आयनांची सर्व बाजूंची ओढ सैल करायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. फोडणीच्या कढईत मीठ वितळत नाही ते यामुळेच.
- ते कठीण असले तरी ठिसूळ असते. खडेमिठावर बत्ता मारला की आयनांचा एक थर दुसऱ्यावर सरकतो. धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण आले की ते एकमेकांना दूर लोटतात आणि खडा फुटतो. धातूत असे होत नाही. तेथे सैल इलेक्ट्रॉन सर्व अणूंमध्ये मोकळे फिरत असल्यामुळे थर सरकले तरी पकड राहते, म्हणून तांब्याचा पत्रा ठोकता येतो.
- कोरडे मीठ वीज वाहत नाही, खारे पाणी वाहते. घनरूपात आयन जागच्या जागी अडकलेले असतात. वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर ते फिरू लागतात आणि वीज वाहून नेतात.
- ते पाण्यात विरघळते. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडील बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडील बाजू किंचित धन असते. हे रेणू प्रत्येक आयनाला वेढून स्फटिकापासून सुटे करतात.

पाणी आटले की हाच प्रवास उलटा होतो. उरण, वसई, पालघर किंवा शिरोडा येथील मिठागरांत भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात आणि ते उन्हाने आटवतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत जाते तसे आधी कॅल्शियमचे कमी विद्राव्य क्षार खाली बसतात, मग मिठाचे स्फटिक धरतात. मॅग्नेशियम क्लोराईड शेवटपर्यंत उरलेल्या कडवट पाण्यात राहते. त्याचा थोडा अंश खडेमिठाला चिकटून येतो. हवेतला ओलावा ते मिठापेक्षा फार लवकर शोषते, म्हणून पावसाळ्यात खडेमिठाला पाणी सुटते.

दोन इलेक्ट्रॉन, जास्त घट्ट बंध

मॅग्नेशियमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात, तर ऑक्सिजनला दोन कमी पडतात. मॅग्नेशियमची फीत जाळली की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो आणि मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी राख उरते. येथे तर ऑक्सिजनवर दुसरा इलेक्ट्रॉन बसवायलाही ऊर्जा खर्चावी लागते, कारण आधीच ऋण झालेला अणू आणखी एका इलेक्ट्रॉनाला दूर लोटतो. ‘ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन हवे असतात’ हे म्हणणे त्यामुळे अपुरे आहे.

तरीही बंध जुळतो, कारण दुहेरी प्रभाराच्या आयनांमधील ओढ फार मोठी असते. मॅग्नेशियम ऑक्साईडची जालक ऊर्जा सुमारे ३,८०० किलोज्यूल, म्हणजे मिठाच्या जवळजवळ पाचपट आहे. त्याचा द्रवणांक २,८०० अंशांच्या पुढे जातो, म्हणून पोलादाच्या भट्ट्यांच्या आतल्या विटांत ते वापरतात.

धातू आणि अधातू म्हणजे आयनिकच, असे नाही

धातू आणि अधातू एकत्र आले की बंध आयनिकच असतो, हा नियम बऱ्याच ठिकाणी लागू पडतो, सगळीकडे नाही. ॲल्युमिनियम क्लोराईड मिठासारखे ८०० अंशांना वितळायला हवे असे वाटेल; प्रत्यक्षात साधारण १८० अंशांनाच त्याची वाफ होते. टायटॅनियम हा मजबूत धातू, पण त्याचे टेट्राक्लोराईड हा १३६ अंशांना उकळणारा द्रव आहे आणि दमट हवेत तो धूर सोडतो.

कारण असे की लहान आकाराचा आणि जास्त प्रभाराचा धनायन शेजारच्या ऋणायनाचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचून घेतो. मग इलेक्ट्रॉनाची पूर्ण बदली न होता भागीदारी होते आणि बंध सहसंयुज बंधाकडे झुकतो. काझिमीर फायन्स यांनी १९२३ मध्ये याचे नियम मांडले. त्यामुळे आयनिक आणि सहसंयुज हे दोन वेगळे कप्पे नसून एकाच पट्टीची दोन टोके आहेत. मीठ एका टोकाजवळ आहे, टायटॅनियम टेट्राक्लोराईड दुसऱ्या टोकाजवळ.

गंज, कळक आणि कल्हई

लोखंड हवेतील ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी संयोग पावते, तेव्हा गंज तयार होतो. तोही धातू आणि अधातू यांचाच बंध. कोकण किनाऱ्यावर दारे-खिडक्यांच्या जाळ्या लवकर गंजतात, कारण खाऱ्या हवेने पृष्ठभागावरच्या ओलाव्यात मिठाचे आयन मिसळतात आणि गंजण्यासाठी लागणारा विद्युतप्रवाह सहज वाहू लागतो. गंजाचा थर भुसभुशीत असल्यामुळे आतले लोखंडही सुरक्षित राहत नाही. ॲल्युमिनियम खरे तर लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील आहे. पण त्याच्या ऑक्साईडचा अतिशय पातळ, घट्ट थर लगेच तयार होतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो.

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, कोकम असे आंबट पदार्थ ठेवले की ते कळकतात. तांबे सौम्य आम्लाशी थेट अभिक्रिया करत नाही, पण हवेतील ऑक्सिजनची साथ मिळाली की त्याचे आयन अन्नात उतरतात. त्याने अन्नाला वाईट चव येते आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेले तर मळमळ, उलट्या होतात. यावरचा जुना उपाय म्हणजे कल्हई. भांडे निखाऱ्यावर तापवून त्यात नवसागराची पूड टाकतात. उष्णतेने नवसागरातून हायड्रोजन क्लोराईड बाहेर पडते आणि ते तांब्यावरचा ऑक्साईडचा थर काढून टाकते. स्वच्छ झालेल्या गरम धातूवर कथील वितळवून कापसाने पसरतात. मग आंबट पदार्थाचा संबंध तांब्याऐवजी कथलाशी येतो आणि तो बराच निर्धोक असतो. कल्हई झिजून तांबे दिसू लागले की त्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, हा घरोघरचा दंडक रसायनशास्त्रालाही धरून आहे.

बंध तोडायची किंमत

बंध जुळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढी तरी तो तोडताना परत द्यावीच लागते. हजारो वर्षे माणूस मीठ खात आला, पण त्यातला सोडियम धातू त्याला माहीत नव्हता. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून तो पहिल्यांदा वेगळा केला. आज मीठ कॅल्शियम क्लोराईडसह साधारण ६०० अंशांना वितळवून त्याच्या विद्युत अपघटनाने सोडियम मिळवतात.

ॲल्युमिनियमचेही तसेच. चार्ल्स हॉल आणि पॉल एरू यांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीने आजही बॉक्साइटमधून तो काढतात. एक किलो ॲल्युमिनियमसाठी साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. जुने भांडे वितळवून पुन्हा वापरले तर यातला फार थोडा खर्च येतो, कारण ऑक्सिजनशी असलेला बंध आधीच तोडलेला असतो. भंगारवाला ॲल्युमिनियमला चांगला भाव देतो त्यामागे हेही कारण आहे.

नाव एकच, पदार्थ वेगळा

खाऊच्या पाकिटावर ‘सोडियम’ लिहिलेले असते, तेव्हा तो पेट घेणारा धातू नसून सोडियम आयन असतो. मिठाच्या वजनात सोडियमचा वाटा सुमारे ३९ टक्के असतो, म्हणून पाकिटावरील सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की साधारण तेवढ्या मिठाचा अंदाज येतो. १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते सुमारे २ ग्रॅम मिठाइतके झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम खावे. सैंधव किंवा समुद्री मीठ घेतले तरी हा हिशोब फारसा बदलत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच असते.

‘कमी सोडियम’च्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराईडचा असतो. बंध तोच, स्फटिकही तसाच. फक्त सोडियमच्या जागी पोटॅशियमचा आयन. शरीराला मात्र हा फरक कळतो. ज्यांचे मूत्रपिंड नीट काम करत नाही किंवा जे रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणून असे मीठ त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

क्लोराईड आणि क्लोरिन यांतही हाच फरक आहे. मिठातील क्लोराईड आयन निरुपद्रवी असतो, पण ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र झाले की मोकळा क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ही दोन द्रव्ये कधीही एकत्र वापरू नयेत.

मूलद्रव्य तेच असले, तरी त्याच्याजवळ किती इलेक्ट्रॉन आहेत आणि ते कोणाशी बांधलेले आहे यावर पदार्थाचा स्वभाव ठरतो. सोडियम आणि सोडियम आयन यांत फरक फक्त एका इलेक्ट्रॉनाचा. पण पहिला केरोसीनमध्ये बुडवून ठेवावा लागतो आणि दुसरा आपण रोज ताटात डावीकडे वाढून घेतो.